‘डोकं फिरलं’ या शब्दांमागे काय दडले आहे?

महोदय,

किशोरवयीन मुलांना ‘स्वतःवर ताबा ठेव’ असे आपण सतत बजावतो, पण तो ताबा ठेवायचा कसा, हे शिकवायला शाळेच्या वेळापत्रकात जागा नसते. माझ्या वर्गातील चौदा वर्षांच्या एका मुलाने गुण मोठ्याने वाचले जाताच उत्तरपत्रिका चुरगाळली आणि बाक ढकलून दिला. त्या क्षणी काहीही न विचारता मी त्याला पाणी प्यायला पाठवले. तास संपल्यावर विचारले, तेव्हा तो ‘डोकं फिरलं’ एवढेच बोलला. बऱ्याच वेळाने मान खाली घालून म्हणाला, ‘सगळ्यांसमोर लाज वाटली.’ गुण वाचणारी मीच होते, हेही नमूद करायला हवे.

चीड, वैताग, हिरमोड, घालमेल असे नेमके शब्द आपल्या भाषेत असताना मुले या सगळ्यांची बोळवण ‘डोकं फिरलं’वर करतात. भावनेला नाव दिले की मेंदूतील भीती-रागाशी निगडित अमिग्डाला या भागाची उत्तेजना कमी होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे. शिवाय आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, त्यामुळे या वयातील उद्रेकाला निव्वळ उद्धटपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी भावना दाबणे आणि प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणे यांत महत्त्वाचा फरक दाखवला आहे. भावना चेहऱ्यावर दिसू न देण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला त्या वेळचे बोलणे नीट लक्षात राहत नाही. म्हणजे वर्गात राग गिळून गप्प बसलेले मूल आपल्याला शहाणे वाटते, पण धडा त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत भावना हाताळणे आहेच, परंतु ते वर्षातून एखाद्या पाहुण्याच्या व्याख्यानावर भागवले जाते. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या, म्हणजे भावना ओळखणे, हाताळणे आणि इतरांशी नीट वागणे शिकवणाऱ्या २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेहमीच्या शिक्षकांनी राबवलेले उपक्रमही परिणामकारक ठरले होते. म्हणून आठवड्याला एक तासिका भावना ओळखण्याच्या व हाताळण्याच्या सरावासाठी राखून ठेवावी, वर्गशिक्षकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि या तासिकेला परीक्षा व गुण मुळीच नसावेत.

– एक माध्यमिक शिक्षिका