क्लब बोलतो तेव्हा नक्की कोण बोलतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पोर्ट्स क्लबांनी सामाजिक आणि राजकीय विषयांवर तोंड उघडावं की नाही यावर तुमच्या क्रीडा पानावर जे छापून आलं ते वाचलं. एका बाजूचे म्हणतात खेळ आणि राजकारण वेगळं ठेवा, दुसरे म्हणतात गप्प बसणं म्हणजे अन्यायाला साथ देणं. दोघंही तावातावाने भांडतात, पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही, की क्लब बोलतो म्हणजे नक्की कोण बोलतं? मालक? चेअरमन? सोशल मीडिया अकाउंट सांभाळणारी पीआर टीम? की सभासद, खेळाडू आणि वर्षानुवर्षं स्टँडमध्ये येऊन घसा कोरडा करणारे फॅन्स? माझं सरळ म्हणणं आहे, क्लबच्या नावाने बोलायचं असेल तर ज्यांच्या जिवावर क्लब उभा आहे त्यांना आधी विचारा, आणि विचारायची तयारी नसेल तर जो खेळाडू स्वतःच्या जबाबदारीवर बोलतोय त्याला तरी एकटं पाडू नका.

लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचंच बघा. डिसेंबर 2019 मध्ये त्यांचा खेळाडू मेसुट ओझिलने चीनमधल्या उइगुर मुसलमानांवरच्या अत्याचारांबद्दल सोशल मीडियावर लिहिलं, आणि क्लबने लगेच वीबो या चिनी सोशल मीडियावर खुलासा टाकला की हे ओझिलचं वैयक्तिक मत आहे, आम्ही राजकारणात पडत नाही. एवढं करूनही चीनच्या सरकारी टीव्हीने त्यांची मँचेस्टर सिटीबरोबरची मॅच दाखवली नाही ती नाहीच. म्हणजे आपल्याच खेळाडूला तोंडघशी पाडलं आणि पदरात काहीच पडलं नाही. बरं, याच क्लबच्या शर्टाच्या बाहीवर 2018 पासून 'व्हिजिट रवांडा' झळकत होतं, ती एका देशाच्या सरकारची जाहिरातच की! सरकारचे पैसे घेऊन त्याचं नाव मिरवलं तर ते राजकारण नाही आणि खेळाडू अत्याचाराबद्दल बोलला की राजकारण, हे मला अजिबात पटत नाही. जर्मनीच्या शाल्क 04 या फुटबॉल क्लबच्या शर्टावर, छातीवर, 2007 पासून गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीचं नाव होतं, 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तरी ते तसंच राहिलं, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर मात्र उतरलं. त्यामुळे 'आम्ही राजकारणाबाहेर' हे वाक्य कुठल्याही मोठ्या क्लबच्या तोंडून ऐकलं की मी आधी त्यांचा शर्ट बघतो.

आता उलटं उदाहरण. 5 डिसेंबर 1976, स्पेनच्या बास्क प्रांतातल्या सॅन सेबास्टियनचं अटोचा मैदान, रेआल सोसिएदाद आणि अॅथलेटिक बिल्बाओ या दोन बास्क क्लबांची फुटबॉल मॅच. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको जाऊन वर्ष झालेलं पण बास्क लोकांच्या झेंड्यावर, इकुरिन्यावर, बंदी अजून होतीच, तो बाळगला म्हणून अटक होऊ शकत होती. त्या दिवशी कोर्ताबारिया आणि इरिबार हे दोन्ही कॅप्टन तो झेंडा दोन बाजूंनी धरून मैदानात आले आणि मागून दोन्ही टीम्स. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मैदानावर घडलीच नाही, ती आधी ड्रेसिंग रूममध्ये घडली, तिथे सहकाऱ्यांना विचारलं गेलं आणि सगळे तयार झाले तेव्हाच झेंडा बाहेर आला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1977 मध्ये, बंदी उठली. मॅच सोसिएदादने 5-0 जिंकली, पण आज ती मॅच स्कोअरसाठी कोणी आठवत नाही.

तसंच अमेरिकेतल्या मिलवॉकी बक्स या बास्केटबॉल टीमचं. 26 ऑगस्ट 2020 ला, जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर त्यांच्याच विस्कॉन्सिन राज्यात पोलिसांनी गोळ्या झाडल्यानंतर, हे खेळाडू प्लेऑफची मॅच खेळायला कोर्टवर आलेच नाहीत. लॉकर रूममध्ये बसून त्यांनी राज्याच्या अॅटर्नी जनरलशी फोनवर बोलणं केलं, मग बाहेर येऊन निवेदन वाचलं आणि त्यात राज्याच्या विधिमंडळाने कामाला लागावं अशी नेमकी मागणी केली. ते वाचणाऱ्या दोघांपैकी एक स्टर्लिंग ब्राउन, ज्याला 2018 मध्ये नुसत्या चुकीच्या पार्किंगवरून मिलवॉकीच्याच पोलिसांनी जमिनीवर पाडून टेझरने विजेचा झटका दिला होता. अशा माणसाला तुम्ही फक्त बास्केटबॉल खेळ असं कुठल्या तोंडाने सांगणार? मालकांनी नंतर पाठिंबा दिला, पण निर्णय खेळाडूंचा होता.

यावर लोक म्हणतात की फॅन्स सगळ्या विचारांचे असतात, क्लबने एक बाजू घेतली की बाकीचे दुखावतात. मुद्दा रास्त आहे आणि म्हणूनच तर विचारा म्हणतोय. जर्मन फुटबॉलमध्ये 50+1 नियमामुळे बहुतेक क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे असतं, त्यामुळे हॅम्बुर्गच्या सेंट पाउली या क्लबची वर्णद्वेषविरोधी भूमिका कुठल्या मालकाची लहर नाही, फॅन्सच्या रेट्यामुळे 1991 मध्येच तिथे स्टेडियममध्ये उजव्या अतिरेकी घोषणा आणि चिन्हांवर बंदी आली. पण याच क्लबने ऑक्टोबर 2019 मध्ये सीरियातल्या तुर्की लष्करी कारवाईला पाठिंबा देणारी पोस्ट टाकली म्हणून जेंक शाहीन या आपल्या तुर्की खेळाडूला टीममधून बाजूला केलं, आणि तेही मला चूकच वाटतं, त्याचं मत मला पटत नसलं तरी. क्लबने आपली भूमिका ठणकावून सांगावी, त्याला जाहीर विरोध करावा, पण पोटावर पाय देऊ नये. ओझिलला एक न्याय आणि शाहीनला दुसरा असं मी म्हणू शकत नाही.

आणि फॅन्स आपसात फाटतातच असंही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार आणि तिचा खून झाला, त्यानंतर ड्युरंड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली, तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन्हीकडचे फॅन्स आणि सोबत मोहम्मडनचेही, लाठ्या खाऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले.

निवडणुकीत मात्र क्लबने कुठल्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करू नये, सभासदांचं बहुमत असलं तरी नको. बाकी विषयांवर वार्षिक सभेत ठराव करा, क्लबच्या घटनेत लिहून ठेवा, मग खेळाडूलाही सही करण्याआधी कळेल आपण कुठे चाललोय. तुमच्या क्रीडा प्रतिनिधींनाही विनंती, क्लबांची निवेदनं जशीच्या तशी छापू नका, हे कोणी ठरवलं ते विचारून छापा.

फक्त स्वतःच्या घरात जे घडतं, म्हणजे स्टँडमधून वर्णद्वेषी शिव्या, कोचकडून मुलींचा छळ, ज्युनिअर पोरांची मारहाण, तिथे ठराव-बिराव कशाला हवा, तिथे क्लबने त्याच दिवशी बोललंच पाहिजे आणि पोलिसांतही गेलं पाहिजे. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मेस्टाया स्टेडियममध्ये रेआल माद्रिदच्या विनिसियस ज्युनिअर या कृष्णवर्णीय खेळाडूला असंच हिणवलं गेलं तेव्हा त्याचा क्लब नुसतं निषेधाचं पत्रक काढून थांबला नाही, रीतसर तक्रार केली, आणि जून 2024 मध्ये तिघा प्रेक्षकांना 8 महिन्यांची शिक्षा झाली.

आपला,
एक नियमित वाचक