सरांकडे पगार मागितला, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "ज्यांच्या हाताखाली पुढची पाच वर्षे काढायची, त्यांच्याशी आधीच पैशांवरून घासाघीस कशाला?" तेव्हा मी गप्प राहिले, कारण उन्हाळ्याच्या पगाराबद्दल मी माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर आलेले नव्हते आणि आपले काही चुकले की काय, अशी धाकधूक माझ्याही मनात होती. आता उत्तर आले आहे. फोनवर हा विषय निघाला की आपण तिघेही एकदम बोलू लागतो, म्हणून सगळे नीट लिहूनच कळवते आहे.

इथे अमेरिकेतच, पण नव्या विद्यापीठात, पीएचडीचे वर्ग ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतील आणि स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतनही, तेव्हापासूनच. मास्टर्स मे महिन्यात संपले. मधल्या काळासाठी सरांनी आपण होऊन विचारले, की ९ जूनपासून दहा आठवडे पूर्ण वेळ लॅबमध्ये काम करशील का, उन्हाळ्याचे म्हणून ३,००० डॉलर देता येतील. ईमेल वाचून मला इतका आनंद झाला, की होकार जवळजवळ टाइप करून झाला होता. मग सहज हिशेब केला. आठवड्याला ४० तास म्हणजे दहा आठवड्यांचे ४०० तास, म्हणजे तासाला साडेसात डॉलर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे आणि बऱ्याच राज्यांनी स्वतःची किमान मजुरी त्याहून पुष्कळ वर नेलेली आहे. ज्या कामासाठी दोन वर्षे शिकून पदवी घेतली, त्याचा मोबदला या रेषेला जेमतेम टेकत होता. नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या उन्हाळी योजनेत पदवीसुद्धा पूर्ण न झालेल्या मुलांना आठवड्याला सुमारे ७०० डॉलर मिळतात. ती योजना मला, म्हणजे परदेशी विद्यार्थिनीला, लागू नाही. पण मोजपट्टी म्हणून तिचा उपयोग झाला.

बाबा, तुमच्या मनात जे चित्र आहे त्यात सर स्वतःच्या खिशातून मला काही देत आहेत आणि मी त्यात आणखी मागते आहे. तसे ते नाही. हे पैसे ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानातून येतात, आणि ग्रँटचा अर्ज करतानाच प्राध्यापकाला विद्यार्थ्यांचे पगार, उपकरणे, प्रवास असे रकाने भरून द्यावे लागतात. इतकेच नव्हे, तर इथल्या बहुतेक प्राध्यापकांना विद्यापीठ वर्षातील नऊच महिन्यांचा पगार देते. उन्हाळ्याचा पगार त्यांनाही ग्रँटमध्ये मागून घ्यावा लागतो, आणि त्यालाही मर्यादा असते (नॅशनल सायन्स फाउंडेशन साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांच्या पगारापर्यंतच जाते). थोडक्यात, उन्हाळ्याचे काम आणि त्याचा मोबदला हा विषय सरांना माझ्यापेक्षा अधिक परिचयाचा आहे. मी तो काढल्याने त्यांच्या मोठेपणाला धक्का लागेल, ही भीती आपल्या घरातली आहे, त्यांच्या लॅबमधली नव्हे.

तुमचा दुसरा सल्ला होता, की पहिले काही आठवडे पैसे न घेताच काम करावे, शिकायला तर मिळते. त्यामागची माया मला कळते, पण तसे करणे मला परवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते नियमातच बसत नाही. जे काम एरवी पगारी असते, ते परवानगीविना फुकट केले तरी व्हिसाच्या नियमांनुसार ती बेकायदा नोकरी ठरू शकते. शिवाय माझी सेव्हिसमधली नोंद, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, जुन्या विद्यापीठाकडून नव्याकडे जाण्याची तारीख २० जून आहे. ज्या विद्यापीठाकडे नोंद असते, त्याच्याच आवारात काम करता येते. म्हणजे ९ जूनला मी नव्या लॅबमध्ये पगारी काय किंवा बिनपगारी काय, कोणतेच काम करू शकत नव्हते. ही गोष्ट ना सरांच्या लक्षात आली होती ना माझ्या. मोबदल्याची चौकशी करताना परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातील बाईंनी ती सांगितली. मुकाट्याने होकार दिला असता, तर पाच वर्षांच्या आधीच पहिली चूक व्हिसाची झाली असती.

एक चूक मात्र माझी आहे. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाचा निर्णय कळवण्याची मुदत १५ एप्रिल असते; त्याआधी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असे येथील अनेक विद्यापीठांनी आपसात मान्य केलेले आहे. उन्हाळ्याचे विचारायची खरी वेळ तीच होती, कारण तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाचे प्रवेशपत्रही माझ्या हातात होते. मी मात्र वर्षाच्या स्टायपेंडचा आकडा पाहिला, आणि तो बारा महिन्यांचा नसून नऊ महिन्यांचा आहे, ही ओळ प्रवेशपत्रात स्पष्ट छापलेली असूनही माझ्या नजरेतून निसटली. होकार दिल्यानंतर मागण्यात जोर कमी असतो, हे मान्य करूनच मला पुढचे पत्र लिहावे लागले.

पहिला मसुदा वाईट होता. त्यात किमान मजुरीचा उल्लेख होता, पदवीचा होता आणि शेवटी एक वाक्य असे होते, की आई, ते तू वाचले असतेस तर मला लगेच फोन केला असतास. तो रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी खोडून टाकला. मग विभागाच्या समन्वयकांना एवढेच विचारले, की उन्हाळ्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तासाच्या बोलीवर घेतात तेव्हा विभागाचा दर काय असतो. त्यांनी एका ओळीत कळवले: २२ डॉलर. हा दर गुपित नव्हता, कोणीही विचारला असता तर मिळाला असता, आणि मी मात्र चार दिवस झोप घालवून बसले होते!

सरांना लिहिलेल्या पत्रात मी आधी आभार मानले आणि काम करण्याची मनापासून इच्छा असल्याचे सांगितले. पुढे लिहिले, की नोंद बदलण्यापूर्वी मला काम सुरू करता येणार नाही. मी ३० जूनपासून येऊ शकते. त्या काळात विभागाच्या दराने पगार देणे ग्रँटमध्ये शक्य आहे का. आणि तेवढी रक्कम नसेल तर दर तोच ठेवून तास किंवा आठवडे कमी करता येतील का. शेवटचा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलीने सुचवला, आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. पैसे वाढवून मागितले की उत्तर हो किंवा नाही असेच येते. काम आणि पैसे दोन्ही समोर ठेवले की समोरच्यालाही काहीतरी हलवायला जागा मिळते. मी उन्हाळ्यात कोणत्याही अभ्यासक्रमाला नोंदणी करणार नाही, त्यामुळे माझी ट्यूशन फी ग्रँटवर पडणार नाही, हेही एका वाक्यात नमूद केले. अडचणींचे पाढे वाचले नाहीत. घरभाडे, अनामत रक्कम, आधीचे कर्ज यांतले काही सरांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

चार दिवस उत्तर आले नाही. त्याच चार दिवसांत आपला रविवारचा फोन झाला.

सरांचे उत्तर तीन ओळींचे होते. ३,००० हा आकडा त्यांनी गेल्या उन्हाळ्यातील एका अर्धवेळ विद्यार्थ्याच्या हिशेबातून उचलला होता, तो मला लावायला नको होता, असे त्यांनी सरळ लिहिले. या वर्षी त्या रकान्यात साधारण ६,००० डॉलर शिल्लक आहेत. ३० जून ते १५ ऑगस्ट, सात आठवडे, ताशी २२ डॉलर. एकूण ६,१६० होतात, पण तासाच्या बोलीवर असल्यामुळे ४ जुलैची सुट्टी बिनपगारी आहे, म्हणून ५,९८४. तीन आठवडे कमी काम आणि जवळपास दुप्पट पैसे. सामान हलवण्याचा खर्चही विचारून पाहिला होता. त्याला स्वच्छ नकार मिळाला, आणि त्याचे मला काही वाटले नाही.

तोटाही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी फक्त जिंकल्याचे कळवते आहे. ज्या सीनियरकडून मला उपकरण शिकायचे आहे तो जुलैअखेर लॅब सोडणार आहे, त्यामुळे दोन महिन्यांऐवजी त्याच्याबरोबर मला पाचच आठवडे मिळतील. आरोग्यविम्यातही खंड पडतो आहे: जुना विमा ३१ जुलैला संपतो आणि नवा १५ ऑगस्टपासून लागू होतो. मधल्या पंधरवड्याचा छोटा विमा मला स्वतः घ्यावा लागेल, आणि तो मी घेणार आहे. आई, हे वाक्य खास तुझ्यासाठी.

करांबद्दल बाबांनी विचारले होते. विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (म्हणजे इथल्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून होणारी) ७.६५ टक्के कपात सहसा होत नाही, आणि माझी अजून दोनच झाली आहेत. आयकर मात्र कापला जाईल.

विभागाचे रीतसर पत्र अजून यायचे आहे. त्यात दर, तारखा आणि आठवड्याचे तास लिहिलेले असतील तरच मी सही करेन, आणि सही केल्यावर त्याची प्रत तुम्हाला पाठवेन. पहिला पगार जुलैच्या मध्यावर होईल, त्याआधी जागेची अनामत भरायची आहे. तेवढ्यापुरते माझ्या खात्यात आहेत. तेव्हा उन्हाळ्यासाठी म्हणून तुम्ही जे पैसे पाठवायचे ठरवले होते, ते कृपा करून पाठवू नका.

तुमची,
लेक