“हे नाव आणखी कसं लिहितात?” असं विचारणाऱ्या डेप्युटी क्लर्क मॅडमना

आदरणीय मॅडम,

आमच्या जुन्या खटल्याच्या कागदांचं तुमचं पाकीट पोचलं. आभाराचं इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर वेगळं धाडलं आहे, पण त्यात चार ओळींपलीकडे काही लिहिता आलं नाही. मनातलं सगळं मराठीतच सुचतंय, आणि ते आमच्या लोकांनीही वाचावं असं फार वाटतं. टेक्सासातल्या एखाद्या आडबाजूच्या काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, जुन्या फेलनी (गंभीर गुन्ह्याच्या) खटल्याचे कागद काढायची वेळ उद्या आणखी कुणावर तरी येणार आहे, आणि त्या खिडकीपलीकडे तुमच्यासारखी बाई बसलेली असेलच असं नाही.

कॉम्प्युटरवर नाव टाकल्यावर काहीच आलं नाही. तिथेच “नो रेकॉर्ड” म्हणून फोन ठेवला असतात, तर नियमानं तुम्हाला कुणी बोल लावू शकलं नसतं. तुम्ही विचारलंत, “हे नाव तुमच्याकडे आणखी कसं लिहितात?” मग एकेक स्पेलिंग अक्षर-अक्षर सांगून उतरवून घेतलंत, आणि मागच्या खोलीतून बांधीव इंडेक्स, म्हणजे खटल्यांतल्या नावांच्या सूचीची वही, काढून पानं उलटलीत. एवढंच. पण एका कुटुंबाच्या नागरिकत्वाचा अर्ज त्या एका प्रश्नावर अडकून पडला होता.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. “काही मिनिटांत देशभरचं रेकॉर्ड” अशी जाहिरात करणाऱ्या एका साइटनं पैसे घेतले आणि भलत्याच राज्यातल्या, आडनावाचं साम्य असलेल्या माणसाची माहिती पाठवली. एका सरकारी खिडकीवर फोन उचलणाऱ्यानं नाव पुरतं ऐकूनही न घेता दुसरा नंबर दिला, तिथून तिसरा मिळाला, आणि तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याचाच दिला. त्यांनी शोधूनही सापडलं नसतं, तर राग आला नसता. त्यांनी न शोधताच “नाही” म्हटलं, आणि ते “नाही” कागदावर पक्कं होऊन बसलं.

असं “नाही” किती कारणांनी येऊ शकतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? वाचणाऱ्यांसाठी इथे मांडते.

टेक्सासात 254 काउंट्या आहेत, आणि फेलनीचा खटला डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो. त्याचे कागद डिस्ट्रिक्ट क्लर्क सांभाळतो. मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हे, काउंटी कोर्टात जातात आणि ते कागद काउंटी क्लर्ककडे असतात. लोकसंख्या आठ हजारांच्या आत असेल तर ही दोन्ही पदं एकाच निवडून आलेल्या क्लर्ककडे असू शकतात. तुमच्याकडे तसंच आहे. खोली एक असली तरी दप्तरं दोन, इंडेक्सही दोन. अटक फेलनीच्या कलमाखाली झाली, पुढे तडजोडीत गुन्हा मिसडिमीनरवर आला, की कागद दुसऱ्या इंडेक्सात जाऊ शकतात. फेलनीचाच इंडेक्स बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि तो खोटंही बोलत नसतो. म्हणून अर्जात “दोन्ही इंडेक्स बघावेत” हे स्पष्ट लिहायचं.

दुसरं कारण ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला चालवण्याइतका आधार आहे का हे ठरवणारे नागरिक. टेक्सासात ग्रँड ज्युरीत बारा जण असतात, आणि आरोप निश्चित करायला त्यातल्या नऊ जणांची संमती लागते. ती मिळाली नाही तर “नो बिल” होतं, आणि डिस्ट्रिक्ट कोर्टात बहुतेक वेळा खटल्याचा क्रमांकच पडत नाही. अटक झालेली असते, बोटांचे ठसे राज्याकडे गेलेले असतात, पण क्लर्ककडे फाइल नसते. अशा वेळी जस्टिस ऑफ द पीसच्या (सगळ्यात खालच्या स्थानिक) कोर्टात मूळ तक्रारीचा कागद आणि जामिनाची नोंद बघावी, आणि डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, ऑफिसाकडून लेखी पत्र मागावं.

तिसरं, खटला खरंच पुसलेला असू शकतो. एक्स्पंक्शनचा, म्हणजे नोंद पुसून टाकण्याचा, हुकूम झाला असेल तर क्लर्कनं “रेकॉर्ड नाही” असंच सांगायचं असतं. नॉनडिस्क्लोजरचा हुकूम असेल तर कागद असतात, पण जनतेला दाखवत नाहीत. हुकमाची आपली प्रत जपून ठेवलेली नसेल तर पुढे फार हाल होतात, कारण इमिग्रेशन खातं नागरिकत्वाच्या अर्जात पुसलेल्या अटकेबद्दलही विचारतं.

ऑनलाइन शोधणाऱ्यांची वेगळीच फसगत होते. पेसर ही ऑनलाइन यंत्रणा फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांची आहे. राज्याच्या फेलनीचा खटला तिथे मिळायचा नाही, मग कितीही वेळ खर्च करा. तुरुंग खात्याची कैदी-शोध यादी सध्या आत असलेल्यांची. राज्याच्या पब्लिक सेफ्टी खात्याकडे शिक्षांची यादी पैसे भरून बघता येते, पण काउंट्यांनी जे कळवलं तेच तिच्यात असतं. कळवायचं राहिलं की यादी तेवढी अपुरी. फौजदारी खटल्यांचं ई-फायलिंग 2017 ते 2020 या काळात टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, मोठ्या काउंट्यांत आधी आणि लहानांत शेवटी. त्याआधीचा लहान काउंटीतला खटला म्हणजे कागदाची फाइल आणि बांधीव मिनिट्स बुक (कोर्टाच्या हुकमांची वही), हेच धरून चालावं.

आता नावाकडे येते, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथे लागला. रात्री हायवेवर गाडी थांबवली जाते, जेलमध्ये नोंद करणारा माणूस लायसन्सवरून किंवा कानानं ऐकून नाव टाइप करतो. तेच नाव तक्रारीत जातं, तिथून इंडाइटमेंटमध्ये, म्हणजे ग्रँड ज्युरीच्या आरोपपत्रात, तिथून इंडेक्सात. पहिल्या रात्री चुकलेलं अक्षर शेवटच्या हुकमापर्यंत तसंच राहतं. आमच्या नावांत चुकायला जागाही भरपूर. वाघ डब्ल्यूनं लिहा नाहीतर व्हीनं. फडके पीमध्ये असतील किंवा एफमध्ये. झेंडे झेडखाली सापडतील, नाहीतर जेखाली. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि नोंदवणाऱ्याला तेच आडनाव वाटू शकतं. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी असते त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी “एफएनयू” (फर्स्ट नेम अननोन) ही अक्षरं येतात, आणि मग इंडेक्सात त्या माणसाचं पहिलं नावच “एफएनयू” होऊन बसतं. बायकांचं माहेरचं नाव हा आणखी एक घोळ.

कॉम्प्युटर एका अक्षराच्या फरकानं हात वर करतो. बांधीव इंडेक्सची तऱ्हा निराळी. आडनावाच्या पहिल्या अक्षराचे कप्पे, आणि कप्प्याच्या आत नोंदी बहुधा खटला दाखल झाला त्या क्रमानं. पहिलं अक्षर चुकलं तर जन्मात सापडणार नाही. पण ते बरोबर असेल आणि पुढचं सगळं वेडंवाकडं असेल, तर माणसाच्या डोळ्यांना ते दिसतं. तुमच्या काउंटीच्या पानावर आमचं नाव लपून राहूच शकत नाही. मात्र कुणीतरी पान उघडायला हवं. तुम्ही उघडलंत.

कप्पा सापडल्यावरही तुम्ही थांबला नाहीत, हे विशेष. पुष्कळ ठिकाणी निकालाचं एक पान झेरॉक्स करून देतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. पुढे इमिग्रेशनकडून आणखी पुराव्याची मागणी येते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही न सांगता पूर्ण संच दिलात: इंडाइटमेंट, डिफर्ड ॲडज्युडिकेशनचा हुकूम, प्रोबेशनच्या अटी, आणि ते पूर्ण झाल्यावर खटला निकाली काढल्याचा हुकूम. हा शेवटचा कागद मुख्य निकालानंतर काही वर्षांनी होतो, म्हणून मिनिट्सच्या वेगळ्या खंडात जातो, आणि शोधणाऱ्याला तो बहुतेक वेळा आठवतच नाही.

डिफर्ड ॲडज्युडिकेशनबद्दल आमच्याकडे मोठा गैरसमज आहे, तो इथेच सांगून टाकते. टेक्सासच्या दृष्टीनं कोर्टानं दोषी ठरवणं पुढे ढकललेलं असतं, आणि अटी पाळल्या की खटला निकाली निघतो. घरचे म्हणतात, मिटलं. पण इमिग्रेशनच्या कायद्यात 1996 पासून “कन्व्हिक्शन”ची व्याख्या वेगळी आहे: गुन्हा कबूल केला किंवा “नो कॉन्टेस्ट” (कबूल नाही, पण आरोप लढवतही नाही) म्हटलं, आणि कोर्टानं काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की ते कन्व्हिक्शन धरतात. राज्यानं मिटवलेलं तिथे मिटत नाही. तसंच स्टेट जेल फेलनीचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या फेलनीचं. दंडसंहितेच्या 12.44 या कलमाच्या (अ) भागाखाली शिक्षा मिसडिमीनरची होते, पण नोंद फेलनीचीच राहते. (ब) भागाखाली खटलाच मिसडिमीनर म्हणून चालतो. निकालपत्रावर कोणता भाग लिहिलाय, यावर सगळं अवलंबून. ते कागद हातात आल्यावर इमिग्रेशनचा वकील गाठायचा, ओळखीच्या माणसाचा सल्ला इथे चालत नाही.

आईबापांना वाटतं, आमच्या मुलांचा आणि फेलनीचा काय संबंध. न्यू मेक्सिकोत किंवा कोलोरॅडोत कायदेशीर दुकानातून घेतलेलं टीएचसीचं (गांजातल्या नशेच्या द्रव्याचं) व्हेप काडतूस टेक्सासच्या हद्दीत आलं की एक ग्रॅमच्या आतलंसुद्धा फेलनी ठरतं. हायवे जिथून जातो ती लहानशी काउंटी, मग आयुष्यभराचे कागद तिथेच.

अर्ज कसा करावा, तर सरळ. “माहिती अधिकार” म्हणून अर्ज करू नये. टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन कायदा कोर्टांना लागू नाही, आणि त्या कायद्याचं नाव घालून पाठवलेलं पत्र तसंच परत येऊ शकतं. साध्या पत्रात संपूर्ण नाव, सगळी संभाव्य स्पेलिंगं, जन्मतारीख, अटकेचा अंदाजे महिना आणि वर्ष, अटक करणारं खातं, आणि माहीत असेल तर कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक. नंबर नसेल तर शोधाची फी वेगळी, प्रमाणित प्रतीची वेगळी; किती ते आधी विचारावं. लहान ऑफिसांत कार्ड किंवा खाजगी चेक चालेलच असं नाही, आधी विचारून मनी ऑर्डर पाठवावी, आणि सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. एकच न्यायाधीश कित्येक काउंट्या सांभाळतो. ज्या दिवशी तो तुमच्या गावात येतो, त्या दिवशी सगळं ऑफिस कोर्टरूममध्ये असतं. तेव्हा फोनवर फोन करून कुणाला भंडावू नये. काही सापडलं नाही तर तोंडी “नाही”वर समाधान न मानता, कोणत्या नावांनी, कोणत्या वर्षांत, कोणते इंडेक्स बघितले हे लिहिलेला सही-शिक्क्याचा दाखला मागावा.

शिक्क्याचंही तुम्ही ध्यानात ठेवलंत. दाबून उठवलेला शिक्का हाताला लागतो, पण स्कॅनमध्ये उमटत नाही, आणि अर्ज ऑनलाइन भरणाऱ्याची प्रत त्यामुळे बिनशिक्क्याची दिसते. तुम्ही शेजारी शाईचाही शिक्का मारलात. कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम, तुमच्यासमोर कुणी मोठं माणूस उभं नव्हतं. फोनवर होता एक परका उच्चार आणि एक नाव, जे तुम्हाला धड म्हणताही येत नव्हतं. त्या माणसाचा जुना गुन्हा तुमच्यासमोर उघडा पडलेला होता, आणि तरी तुमच्या आवाजात शंका आली नाही, उपदेशही आला नाही. ज्यानं कधीकाळी चूक केली आणि कोर्टानं सांगितलेलं सगळं पाळलं, त्यालाही त्याचे कागद पूर्ण मिळायला हवेत, हे तुम्ही मानता. सरकारी खिडकीवर असं मानणारी माणसं असतात, त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, आणि त्यांच्या जिवावर कितीतरी घरं उभी राहतात. तुमचं नावही इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला न विचारता ते करणं बरं नव्हे. पण तुमच्या वरिष्ठ क्लर्कना वेगळं पत्र गेलं आहे, त्यात ते आहे.

पाकिटातली सगळी पानं तपासली. एकही कमी नाही, प्रत्येकावर कॉज नंबर वाचता येतो, दोन्ही शिक्के स्पष्ट आहेत. प्रती वकिलाकडे दिल्या आहेत. कुटुंबातल्या सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

मनापासून आभार.

तुमची ऋणी