लहानांची बिलं आधी चुकती करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महासाथीत तगून राहिलेल्या छोट्या उद्योजकांच्या जिद्दीचं खूप कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण मी बावीस वर्षं अशा व्यावसायिकांचे हिशेब लिहितो आहे. मला त्या दिवसांतला रोजमेळ आठवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं, तेव्हा मी ज्यांचं काम पाहतो त्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे सहा कारागीर होते. एका कंपनीच्या कामगारांचे गणवेश त्यांनी महिनाभर आधीच पोचते केले होते. वहीत नफा दिसत होता, गल्ल्यात मात्र दोन आठवड्यांच्या पगारापुरतेच पैसे. मी कंपनीच्या हिशेब खात्याला रोज फोन करायचो. ‘सध्या सगळीच पेमेंट थांबवली आहेत.’ पुढे काय होईल सांगता येत नाही, म्हणून पैसा हाताशी ठेवायचा, असा त्यांचा विचार. पण तो पैसा बाईंचा होता!

पुढे बाईंनी मास्क शिवायला घेतले. त्याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं. पण इलॅस्टिक उधारीवर कोणी देईना आणि रोख जवळ नाही, अशी स्थिती होती. अखेर एका जुन्या गिऱ्हाइकाने न मागता मागची बाकी पाठवली, त्यातून इलॅस्टिक आलं. रक्कम छोटीच होती.

जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूट या अमेरिकी बँकेच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख लहान व्यवसायांची खाती अभ्यासली. आवक पूर्ण थांबली, तर त्यांतल्या मध्यावरच्या, म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे खाली अशा, व्यवसायाजवळ २७ दिवसांचीच रोकड होती. उपाहारगृहांकडे १६ दिवसांची. साठ-नव्वद दिवसांनी बिल देणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. कर्जाचा हप्ता पुढे ढकलला की उसंत मिळते, हे खरं. पण स्वतःच्या कष्टाचे पैसे दुसऱ्याकडे अडकलेले असताना माणसाने व्याजाने पैसे का काढावेत?

आणि हे जमत नाही असंही नाही. ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीने मार्च २०२० मध्येच लहान पुरवठादारांची बिलं लगेच चुकती करण्याचं जाहीर केलं होतं.

लहान व्यावसायिकांनीही दर महिन्याला नफ्याआधी हे मोजावं, की आज आवक थांबली तर आपण किती दिवस निभावू.

बाईंचं बिल सातव्या महिन्यात मिळालं. तोवर दोन कारागीर दुसरं काम धरून गेले होते. त्यांतला एक अकरा वर्षांपासूनचा, काज-बटणात हातखंडा असलेला. तो परत आला नाही.

मोठ्या कंपन्यांच्या हिशेब खात्यात काम करणारेही हे पत्र वाचत असतील. पुन्हा कधी पेमेंट थांबवण्याचा आदेश आला, तर लहान पुरवठादारांची यादी वेगळी काढून साहेबांपुढे ठेवा आणि ती बिलं आधी सोडवून घ्या, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
एक हिशेबनीस