पेढे आणले होते तिने

बंड्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही, काय शिव्या घालायच्यात त्या घाल, पण पुढे वाच. गुडघा दुखतोय, सोड.

परवा कराटेच्या क्लासला एक पोरगी पेढे घेऊन आली. सतरा वर्षांची, चार महिने येतेय, परळच्या आपल्या त्याच हॉलमध्ये (पंखा अजून तसाच खडखडतो). दादरच्या पुलावर गर्दीत एकाने अंगाला हात लावला, हिने वळून कोपर घातलं थेट नाकावर. आपण शिकवतो तस्संच. तो तोंड धरून खाली बसला. "आणि मग सर, अजून दोन लाथा घातल्या, दात पडला त्याचा!" सगळ्यांच्या टाळ्या. मी पण वाजवल्या रे, तोंडात पेढा होता माझ्या.

रात्रभर झोप नाही. वडाळ्याचा तो आवाज तू ऐकलायस म्हणून तुलाच लिहितोय. बायको म्हणते बरं केलं पोरीने, अजून दोन घालायच्या होत्या. वीस वर्षं हार्बरने जातेय ती, तिला काय सांगू मी?

वडाळ्यानंतर तू एकच धरून बसलास, सुरुवात त्याने केली. आणि मी म्हणायचो, अरे पण तो पडल्यावरचं काय? त्यावरून दोन वर्षं अबोला (माझे ग्लोव्हज तेव्हापासून तुझ्याकडेच आहेत). जपानी कराटेगुरू फुनाकोशींचं ते 'कराटेत पहिला वार नाही' आपले सर रोज म्हणून घ्यायचे, पण थांबायचं कधी ते कुणी शिकवलंच नाही आपल्याला.

शनिवारी फळ्यावर कायदा लिहिला. आधी आयपीसीचं कलम ९९, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३७, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. मागून आवाज, "सर, परीक्षेला आहे का?" मग तिलाच पुढे बोलावलं, कोपर मार, दोन पावलं मागे, ओरड, पळ. पॅड खाली टाकला तर तिचा पाय आपोआप उचलला गेला, हवेतच थांबला, अंगठा थरथरत होता. म्हणाली, "आणि तो उठला असता तर?" मला पटकन बोलता येईना. मग विचारते, "सर, तुमच्यावर कधी आली वेळ?"

नाही म्हणालो.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

वडाळ्याचं सांगू का तिला? तुझं नाव घेणार नाही. शनिवारच्या आत कळव.

तुझा,
पक्या