भाडेकरूची माहिती आपण घेता, परिसराची माहिती त्याला कोण देणार?

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर

स. न. वि. वि.

मी बेगमपुऱ्यात राहतो आणि घराच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या भाड्याने देतो. एका बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि खाम नदीपलीकडे घाटी रुग्णालय असल्यामुळे बीड, परभणी, हिंगोलीकडून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली मुले-मुली याच भागात खोली शोधतात. हा भाग राहायला सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्यांचे पालक भाड्याच्याही आधी विचारतात आणि त्याचे साधार उत्तर माझ्याकडे नसते, म्हणून हे पत्र.

गेल्या प्रवेशांच्या वेळी परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते. नळ, खिडकीचे गज, जिन्याच्या दाराची कडी, सगळे त्यांनी हात लावून पाहिले आणि मग म्हणाले, "खोली चांगली आहे हो, पण बसस्टँडवरचा रिक्षावाला म्हणला, तिकडं पोरीला ठेवू नका." मी शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्याशी बोलणे करून दिले, परंतु आम्ही दोघेही इथलेच, आमचा शब्द खरा की रिक्षावाल्याचा, हे ठरवायला त्या बापाजवळ काही साधन नव्हते. त्यांनी शहरातल्याच सिडको वसाहतीत खोली घेतली. तिथून विद्यापीठापर्यंतच्या रोजच्या ये-जा करण्यात काय धोका आहे, याची माहितीही त्यांना कोणी दिलेली नव्हती.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश आयुक्तालयाकडून वेळोवेळी निघतात आणि ते योग्यच आहेत. मी प्रत्येक भाडेकरूचे छायाचित्र आणि आधारची प्रत नेमाने देतो. मात्र ज्याची इतकी माहिती आपण घेता, त्याला आपल्या होऊ घातलेल्या गल्लीची माहिती देणारी कोणतीही सोय नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात महानगरांचे वेगळे तक्ते असतात, त्यांत राज्यातून मुंबई, पुणे आणि नागपूर येतात, आपले शहर येत नाही. ते आले असते तरी संपूर्ण शहराच्या एका आकड्यावरून आमच्याकडील मकाई दरवाजाजवळचा रस्ता रात्री कसा असतो हे कळले नसतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर टाकले जाणे अपेक्षित आहे. परंतु ते एकेक उघडून त्यांतून परिसराचे चित्र जुळवणे गावाकडून आलेल्या पालकाला कसे जमावे?

माझी विनंती अशी की, प्रत्येक ठाण्याने दर महिन्याला बीटनिहाय, म्हणजे हद्दीतील प्रत्येक गस्तीच्या भागासाठी, एक पानाचा तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात घरफोडी, वाहनचोरी, मोबाइल हिसकावणे, छेडछाड असे प्रकार, घटनेची साधारण वेळ, रस्ता आणि तपासाची स्थिती एवढे असावे. पीडितांची ओळख किंवा घराचा पत्ता अर्थातच नसावा. घाटीतून रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिकेला महिन्याच्या एकूण आकड्यापेक्षा कोणता रस्ता किती वाजता टाळावा, हे कळणे अधिक गरजेचे असते. तोच तक्ता महापालिकेच्या विद्युत विभागालाही गेला, तर दिवे आधी कुठे लावायचे हे वेगळे विचारावे लागणार नाही.

यात एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. आकडे जाहीर होणार म्हटल्यावर ते कमी दिसावेत असा मोह ठाण्यांना होऊ शकतो. हिसकावलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून नोंदवला गेल्याचे मुले सांगतात, तेव्हा तो रस्ता कागदोपत्री सुरक्षित ठरतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच दुसरी मुलगी जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना करू शकतात) खबर नोंदवून घ्यावी लागते. त्यामुळे नोंदी वाढल्या म्हणून कोणत्याही ठाणेदाराला धारेवर धरले जाणार नाही, असे आपण स्वतः लेखी कळवावे. प्रामाणिकपणे नोंद घेणारे ठाणे बदनाम आणि टाळाटाळ करणारे ठाणे शांत, असे चित्र उभे राहिले तर हा तक्ता नसलेला बरा.

बेगमपुऱ्यात काहीच घडत नाही असे मी म्हणत नाही, आणि तक्त्यातून आमच्या भागाविषयी वाईट काही निघाले तर तेही लोकांना कळले पाहिजे. पुढील प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. त्यापूर्वी विद्यापीठ परिसरातील ठाण्यांपासून सुरुवात करावी आणि पहिला तक्ता मध्यवर्ती बसस्थानकावर, रेल्वे स्टेशनवर व विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ लावावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
बेगमपुऱ्यातील एक रहिवासी व घरमालक