लेह नाही, कुमाऊं

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, लेहची तिकिटं मी काल रद्द केली. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" एवढंच म्हणाला असता आणि दोन दिवस अंगणात फेऱ्या मारत राहिला असता, म्हणून लिहितेय. त्याच तारखांना, कोजागिरी झाली की, आपण तिघं उत्तराखंडात कुमाऊंला जातोय. राहायचं, गाडीचं, सगळं ठरलंय. किती पैसे कापले गेले हे कृपा करून विचारू नका.

रागावण्याआधी एवढं वाचा. लेह साडेअकरा हजार फुटांवर. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथे नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. समुद्रकिनारी श्वासागणिक जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशच तिथे मिळतो. धडधाकट पोरं पहिले दोन दिवस डोकं धरून झोपून असतात. आणि तुमच्या यादीत 'खारदुंग ला' खिंड होती, 17,582 फूट! स्टेंट घालून अजून वर्षही झालं नाही. डॉक्टर "जाऊ नका" म्हणाले नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आधी करायच्या तपासण्यांचा कागद त्यांनी दिला होता, तो कपाटात तुमच्या शर्टांखाली आहे. आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

नानांच्या वेळी आपण सगळेच "एवढं काही नाही" म्हणत राहिलो होतो. मला पुन्हा ते म्हणायचं नाही.

हिमालय मात्र मी तुमच्यापासून काढून घेत नाहीये. कौसानी सहा हजार फुटांच्या जरा वर आहे, म्हणजे तुमच्या कळसूबाईहून फार उंच नाही. उंचीचा त्रास साधारण आठ हजारांपुढे सुरू होतो, आणि आपण त्याच्या वर कुठेच जात नाही. पावसाने धुतलेली हवा असते त्या दिवसांत. पहाटे खोलीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलात की समोर त्रिशूल, नंदादेवी, पंचचूली. 1936 साली टिलमन आणि ओडेल जिच्या माथ्यावर पोचले तीच नंदादेवी, बाबा. ओडेल म्हणजे एव्हरेस्टवर हरवलेल्या मॅलरीला शेवटचं पाहणारा. जेवताना हे तुम्हीच आम्हाला सांगायचात आणि आई म्हणायची, आधी भात संपवा.

बिनसरच्या अभयारण्यात एक पूर्ण दिवस ठेवलाय. बांज (तिकडचा ओक) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातून झीरो पॉइंटपर्यंत, म्हणजे शिखरं बघायच्या जागेपर्यंत, साधारण दोन किलोमीटरची पायवाट आहे, चढ अगदी बेताचा. बुरांश तेव्हा फुललेला नसेल, तो मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, पण शिखरं त्या दिवसांतच स्वच्छ दिसतात. रोज घाटावरून गणपतीपर्यंत तुम्ही जेवढं चालता तेवढंच हे चालणं, फक्त दर दहा मिनिटांनी थांबायचं. मी सांगेन तेव्हा थांबायचं. तिथे बिबटे आहेत, त्यामुळे ऊन उतरायच्या आत गाडीत. मुक्काम आत ठेवला नाही, तिथे विजेचं बेताचंच असतं आणि रात्री आईला उठावं लागतं.

राजगडाला चोर दरवाजाने चढताना तुम्ही माझ्या मागून यायचात. मागे वळून बघायचं नाही, मी आहे, म्हणायचात. मी एकदाही वळून बघितलं नाही, इतकी खात्री होती. या वेळी मी मागून चालणार आहे.

आई, तुझ्यासाठी सातताल. ओक आणि पाइनच्या झाडीत तळी आहेत आणि पक्ष्यांसाठी लांबून लोक येतात. आपल्या शीळकरी कस्तुराचा हिमालयातला भाऊबंद, निळा कस्तुर, तुला ओढ्याकाठी नक्की भेटेल. दुर्बीण तू घे, बाबांना देऊ नकोस, ते परत देत नाहीत. जागेश्वरला देवदारांच्या गर्दीत शंभरावर लहानमोठी देवळं आहेत, सपाटीवर, गुडघ्यांना त्रास नाही. वृद्ध जागेश्वरचा चढ मात्र पायी करायचा नाही, गाडीने जाऊ. नौकुचियातालला होडीत बसायचं, तेही लाइफ जॅकेट घालून. बाबा, तिथे पॅराग्लायडिंगही चालतं. विचारूसुद्धा नका.

खोल्या तळमजल्यावर घेतल्यात, कमोड आहे, गरम पाणी आहे, हीटर सांगून ठेवलाय. जेवणाची काळजी नको: तिथे कुळथाची आमटी आणि नाचणीची भाकरी रोजचीच. आईला साबुदाणा लागला तर तो मी घेऊन येते. दिल्लीहून सकाळच्या शताब्दीने दुपारच्या आत काठगोदाम, पुढे गाडी. घाटात वळणं फार आहेत, म्हणून पहिल्या दिवशी भीमतालच्या पुढे जायचंच नाही. अल्मोड्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खाली हल्द्वानीला मोठी रुग्णालयं आहेत. दोन्हींचे नंबर माझ्याजवळ आहेत, लागणार नाहीत.

लेह कायमचं गेलं असं नाही. तपासण्या नीट आल्या तर पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांसमोर आपण तिघं बसू, आणि जायचंच ठरलं तर श्रीनगर-कारगिलमार्गे, मुक्काम करत हळूहळू. विमानाने नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आपण परत असू. आई, फराळाचं मनावर घेऊ नकोस, चकली आणि चिवडा मी इकडून करून आणते. तू फक्त अनारशाचं पीठ भिजव.

आता कामं. बाबा, नवे बूट आजपासून घालून चाला, तिकडे जाऊन पायाला फोड नकोत. गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त घ्या आणि अर्ध्या आईच्या पर्समध्ये ठेवा. आई, कानटोपी आणि लोकरीचे मोजे माळ्यावरच्या हिरव्या पेटीत आहेत, ऊन दाखव. आणि बाबा, तो कागद कपाटातून काढून सोमवारी रक्ताच्या तपासण्या करून या, उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता. रिपोर्ट मला संध्याकाळी पाठवा.

तुमची,
मनू